ताटं वाचणारी बाई

एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं काढली, आणि तिथं तिला कुणी कधी नावानं हाक मारली नाही. सगळे तिला ताटबाई म्हणत. वॉर्डातून परत आलेली उष्टी ताटं धुवायला जाण्याआधी ती एकेक नजरेखालून घालायची, म्हणून. कुणी पावाची कड टाकली, तर त्याचा दात दुखतोय. कुणी सूपला हातच लावला नाही, तर त्याला मळमळतंय. ती हे नर्सबाईंना सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. जेवणारी माणसं मात्र तिनं फारशी पाहिलीच नव्हती. ती तळघरात, माणसं वरच्या मजल्यांवर. ताट खोटं बोलत नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची, आणि एवढ्या ठासून सांगितल्यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप होती?

घरीही तोच खाक्या. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक. पहाटे कामाला निघण्याआधी ताटबाई लेकीचं दुपारचं जेवण करून झाकून ठेवायची. ती परतायची तेव्हा लेक दुपारच्या शाळेत गेलेली असायची आणि मोरीत ताट पडलेलं असायचं. रिकामं, लख्ख. ते पाहून हिचा दिवसभराचा शीण उतरायचा. लेक वाढली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न होऊन गेली. ताटबाईला मनातून एक गोष्ट सलत राहिली. आपण रोज चारशे माणसांना गरम जेवू घातलं आणि पोटच्या पोरीला मात्र गारढोण. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी लेकीनं समुद्रकाठी सहा दिवस घर भाड्यानं घेतलं आणि आईला बोलावलं, तेव्हा ताटबाईनं ठरवूनच टाकलं की हे सहा दिवस स्वयंपाक आपला. लेकीला वेळेवर, ताजं, आपल्या हातचं खाऊ घालायचं. त्यापुढे समुद्र काय, तो उद्याही तिथंच असणार होता.

घर दोन खोल्यांचं, राहायला चौघं: लेक, जावई, नात आणि ती. स्वयंपाकघरात दोन शेगड्या, त्यातली एक मनधरणी केल्याशिवाय पेटत नसे. बाहेरच्या खोलीत टेबल आणि चार खुर्च्या. लेक म्हणाली, आई, तू जरा आराम कर, किनाऱ्यावर खायच्या गाड्या आहेत, मजेत खाऊ. ताटबाईनं गाड्यांचं नाव ऐकताच असं नाक मुरडलं की विषय तिथंच संपला.

पहिल्या दिवशी बारा म्हणजे बाराला ताटं तयार. मऊ भात, उकडलेला भोपळा, पातळ सूप. जावई गाड्या दुरुस्त करणारा, अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब. तो अजून पाण्यातच होता. नातीला पाठवून त्याला ओढून आणलं. तिघांची ताटं वाढून ताटबाई आत गेली आणि शेगडी पुसत उभी राहिली. जेवणाऱ्यांत बसायची तिला सवयच नव्हती. वीस मिनिटांनी ताटं परत आली. भाताचं शीत नाही, भोपळ्याची फोड नाही. ताटबाईचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिनं भोपळा वाढवला. ताटं पुन्हा लख्ख. तिसऱ्या दिवशी बाजारातला सगळ्यात मोठा भोपळा तिनं स्वतः काखेत मारून आणला आणि दुकानदारानं न विचारताच त्याला सांगितलं, की आमच्या घरी फार आवडतो.

चौथ्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. शेजारीच घरमालकीण राहायची. कुंपणापलीकडून तिनं हसून विचारपूस केली आणि बोलता बोलता ताटबाईचे आभार मानले. तुमची लेक रोज दुपारी पिशवी भरून भात-भोपळा आणून देते, म्हणाली, माझ्या कोंबड्या नुसत्या तुटून पडतात. दोन तर पुन्हा अंड्यावर आल्या.

ताटबाईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. रोज जेवण झालं की तिघं शिंपले वेचायला म्हणून निघायची आणि तासाभरानं यायची. लेकीच्या हातात किनाऱ्यावर न्यायची मोठी पिशवी असायची. शिंपला मात्र एकही घरी आलेला नव्हता. आता सगळं उलगडलं. तिला कुणीतरी चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. ती आत गेली आणि कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरायला लागली.

लेक किनाऱ्यावरून आली, केस ओले. बॅग पाहून दारातच थबकली.

"कोंबड्या सुधारल्या म्हणे," ताटबाई मान वर न करता म्हणाली.

लेकीचा चेहरा पडला. ती तिथंच जमिनीवर बसली. "आई, मीठ नसतं गं त्यात."

"मीठ वरून घ्यायचं असतं."

"ते दवाखान्यात."

एकतीस वर्षं ताटबाईनं बिनमिठाचं, बिनतिखटाचं, दात नसलेल्यालाही गिळता येईल असं रांधलं होतं आणि घरचं पातेलंही त्याच हातानं ढवळलं होतं. पण म्हणून हार मानणारी ती नव्हे. ती उसळून म्हणाली, की मग तीन दिवस हे नाटक कशाला? लहानपणी हेच तर ताट साफ करून ठेवायचीस.

लेक हळूच म्हणाली, "तेव्हाही नाही खायचे मी. मागच्या अंगणात एक मांजर यायचं."

"रोज?"

"जवळजवळ रोज. तू थकून यायचीस असं शेजारच्या काकू सांगायच्या. म्हणायच्या, तुझी आई चप्पल काढायच्या आधी मोरीत डोकावते आणि ताट रिकामं दिसलं की एकटीच हसते. मग मी कशी टाकणार?"

ताटबाई पलंगावर बसली. तिला राग आला होता, पण तो नक्की कुणाचा हे तिला कळेना. सात-आठ वर्षांची पोर अर्धपोटी शाळेत जाते, का, तर आईनं हसावं म्हणून. आणि आपण जगभराच्या ताटांवरून रोगाची निदानं करत हिंडलो. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती पुसलीही नाही.

"मला सांगायचंस," ती कशीबशी म्हणाली.

"कधी सांगणार? मी जेवताना तू समोर नसायचीस." लेकीच्या आवाजात तक्रार नव्हती. ती आईच्या शेजारी येऊन टेकली.

मग ताटबाईनं नाक पुसलं आणि विचारलं, "तुला आवडतं तरी काय?"

चौतीस वर्षांच्या बाईला तिच्या आईनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. "तळलेले मासे," लेक म्हणाली. "मिरपूड लावून. कुरकुरीत."

दवाखान्यात तळणीला बंदी. ताटबाईनं एकतीस वर्षांत तळणाचा तवा हातात धरला नव्हता. तरी ती लेकीबरोबर धक्क्यावर गेली आणि कोळणीशी घासाघीस करून मासे घेऊन आली. पहिला घाणा तव्याला चिकटला तो निघेचना. घरभर धूर झाला. जावयानं खिडक्या उघडल्या आणि अगदी सावधपणे, आपण काहीच पाहिलं नाही अशा चेहऱ्यानं तो बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या घाण्याला लेकीनं मीठ लावलं. ताटबाईचा हात दोनदा तिला अडवायला पुढे झाला आणि दोनदा मागे आला.

जेवायला अडीच वाजले. लेकीनं चौथी खुर्ची ओढली आणि आईला हाताला धरून बसवलं. ताटबाई अवघडून बसली, दुसऱ्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसल्यासारखी. नातीनं जाहीर केलं की एक बाजू करपली आहे. ते खरंच होतं. कुणी लपवलं नाही.

लेकीनं पहिला घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला टेबल हलायला लागलं. ताटबाईला वाटलं, टेबलाचा पाय लंगडा असेल. तिनं वाकून खाली पाहिलं. लेक एक पाय पुढेमागे हलवत होती, झोपाळ्यावर बसलेली पोर हलवते तसा. तिचं तिलाही भान नव्हतं.

"चव लागली की तिचा पाय असाच हलतो," जावई म्हणाला. "पहिल्यापासूनच. तुम्हाला माहीत असेलच."

"मला नव्हतं माहीत," ताटबाई म्हणाली.

तिच्या ताटातला मासा गार होत होता. टेबलावर पेल्यांतलं पाणी डुचमळत होतं, आणि ती एकटक लेकीकडे पाहत बसली होती.