लाइट नसताना लानशी कोण बोललं?

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा संपवून उठणारा माणूस. मशीनवर आयुष्य गेलं, त्यामुळे जे हाताला लागतं तेच खरं मानलं. तरी हे लिहितोय...

अकोल्यात मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होतो. सततच्या नापिकीनं कापूस येईना, जिनिंग बंद पडली. पुढे आईला अकोल्यातच ठेवून बायकोला घेऊन अमरावतीला आलो. आखाती देशातल्या नोकरीसाठी इंग्रजी हवं, म्हणून राजापेठेत क्लास लावला — चाळिशीत, कॉलेजच्या पोरापोरींमध्ये! सरांनी इंटरनेटवर आमच्या जोड्या व्हिएतनामच्या शिकणाऱ्यांशी लावल्या. माझी जोडीदार लान, कपडे शिवणारी बाई. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच अडखळणारं. दोघांनी मिळून एक रेकॉर्डिंग करायचं होतं. विषय — आई.

त्या दुपारी स्क्रीनवर लान होती, आणि सगळ्या क्लाससमोर मी सुरुवात केली. "माय मदर इज... माय मदर कुक..." पुढे शब्दच सुचेना. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. कान तापले. "मले नाही जमत, सर," म्हणून हेडफोन काढला आणि बाहेर पडलो. बडनेऱ्याच्या रस्त्यानं नुसता चालत राहिलो.

पुढच्या आठवड्यात, क्लास सोडतो हे सांगायला गेलो. सर म्हणाले, "थांबा सुभाषभाऊ, लान तुमची वाट पाहून राहिली."

स्क्रीनवर तिचे डोळे भरलेले. तोडक्या इंग्रजीत म्हणाली — त्या दिवशी स्क्रीन काळी झाली, पण तुम्ही बोलत राहिलात, किती छान बोललात! आणि तिनं रेकॉर्डिंग लावलं.

आवाज माझाच. तेच 'इस्टार्ट', तेच 'इस्कूल'. फक्त कुठे अडखळणं नाही. आवाज सांगत होता, जिनिंग बंद झाल्यावरही मी रोज डबा घेऊन निघायचो आणि संध्याकाळपर्यंत बागेत बसायचो... हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. इथं सगळी पोरं ऐकत होती! मान वर करवेना. शेवटी तो आवाज म्हणाला, आईला माहीत होतं, माझ्या केसांत कापूस नसायचा.

हे तर मलाही ठाऊक नव्हतं.

"सर, मी गेल्यावर इथं कोण बसलं होतं?"

"कोनी नाही. तुमी गेले अन् लाइट गेली. मी क्लास सोडला, कुलूप लावलं."

रविवारी अकोल्याला गेलो. माय मेथी निवडत होती. कसंबसं विचारलं, "माय, जिनिंग बंद झालती, तुले मालूम होतं?"

तिनं वर पाहिलं नाही. "पयल्याच दिवशी. तुह्या केसात कापूस कुठी होता?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुले लाज वाटली असती ना, बाप्पा."

मी तिथंच तोंड झाकून रडलो.

लाइट नसताना आवाज व्हिएतनामला कसा पोचला, सरांना आजही सांगता येत नाही. आणि मायनं कुणापाशीच न काढलेली गोष्ट माझ्या आवाजात कुठून आली, ते मला.