खडपावरची फुले

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. गोव्यातल्या खाडीकाठच्या चोपड्याहून डोंगराकडच्या लाटंबार्श्याला जाण्याला प्रवास म्हणावे का, हेही मला ठाऊक नाही. तरी लिहायला धजतो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी कॉलेजातला मित्र सुहासने बोलावले होते. म्हापसा, डिचोली अशा बस बदलल्या. डिचोलीला चहात उंडो (जाड सालीचा पाव) बुडवून खाल्ला. पुढे काजूच्या बागांतून धुके बससोबतच चालले होते.

"चोपड्याचो आनी रित्या हातांनी?" सुहासच्या आईने विचारले.

"काकी, चवथीक नुस्तें (मासे) कशें हाडूं?"

"शाणो आसा रे हो," ती हसली.

गणपतीवर रानातली फळेफुले बांधून माटोळी टांगतात. या घरात मधली गाठ सगळ्यांत आधी बांधायची, आणि तिच्यात खडपावरची (खडकावरची) फुलेच. ती आणायला काकी, सुहास आणि मी डोंगर चढलो. शेवाळावरून माझा पाय घसरला, एक चप्पल ओहोळात गेली. सावलीत सगळे हिरवे, ओले, पाण्याखाली असल्यासारखे वाटत होते.

पण खडप पावसात कोसळले होते. उरलेल्या कडेवर एकच झुबका: तिरकी पाने, फिकट गुलाबी फुले. पुस्तकात त्याला बिगोनिया म्हणतात. दरवर्षी त्याच कंदातून फुटते. सुहासने हात पुढे केला.

"आई, काडूं?"

मी चाचरत म्हणालो, "फुलं तोडली तर बी धरणार नाही. आणि एवढंच उरलंय."

 काकी पदर खोचून खाली बसली.

"आसूं दी. गणपतीक हांव सांगतां."

ढिगाऱ्यातून तिने वाटाण्याएवढे कंद वेचले. शेजारच्या खडपाच्या भेगेत आम्ही ते चिखलाने लिंपले.

संध्याकाळी माटोळी टांगली. शेजारीण डोकावली. "मदली गांठ रितीच गे? आळस आयलो?"

"भायर गेल्यांत तीं," काकी म्हणाली. "येतलीं."

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोके टेकून मी विचार करत होतो. माझ्या शब्दावर एका घराची रीत मोडली होती. कंद कुजले तर?

पुढच्या पावसाळ्यात रोज विचारावेसे वाटे, पण धीर झाला नाही. श्रावण सरता सरता सुहासचाच फोन आला. जुना झुबका पावसात वाहून गेला. भेगेतल्या कंदांना पाने फुटली आहेत, आणि एक फूल आले आहे. आईने अजून शेजारी कोणाला सांगितलेले नाही.