मशीन हळू होत नव्हतं

त्याचा धंदा फरशी बसवण्याचा. एकोणतीस वर्षं गुडघ्यांवर काढली. बसवलेली प्रत्येक फरशी तो थापीच्या दांड्यानं ठोकून बघायचा. खाली माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, हवा राहिली असेल तर पोकळ. पोकळ वाजली की उचलायची आणि पुन्हा बसवायची. गिऱ्हाईक राहू द्या म्हणालं तरीही. ‘चालतंय की’ असं कुणी कामावर बोललं तर त्या माणसाशी तो दिवसभर बोलायचा नाही. भिंतीचा सरळपणा तपासायला दोरीला वजन बांधतात, त्यावरून बरोबरचे त्याला ओळंबा म्हणायचे. तोंडावरही.

शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी हाच माणूस अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून एका हॉटेलच्या कोपऱ्यात ड्रम वाजवायचा. गिटार आणि गाणं त्याच्या मित्राचं. मित्र उंच होता म्हणून लांब्या. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दोघं मिळून एकोणीस वर्षं त्या कोपऱ्यात वाजवत होते. लोक जेवायला यायचे, ऐकायला कुणी यायचं नाही. पण ओळंब्याच्या आठवड्याला दोनच दिवस होते. उरलेले पाच त्या दोनांची वाट बघण्यासाठी.

मग मालकानं दोघांना काउंटरपाशी बोलावलं. “ड्रमच्या जागी दोन टेबलं बसतात,” तो म्हणाला, “आणि शेजारच्या टेबलांवर माणसांना ओरडून बोलावं लागतं.” लांब्याला त्यानं ड्रमचे ठोके आत भरलेलं गिटारचं पेडल आणायला सांगितलं. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी एकट्यानं वाजवून दाखवायचं. जमलं तर तसंच चालू ठेवायचं, नाही जमलं तर आहे ते आहे. मालक वाईट माणूस नव्हता. बोलताना ओळंब्याच्या खांद्यावर हात ठेवून होता.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, लांब्या गिटार पाठीला लावून ओळंब्याच्या दारात उभा राहिला. काखेत खोकं.

“वहिनी, ओळंबा आहे का?”

“आहेत. गुडघा शेकतायत. बसा.” वहिनीनं खोक्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. चहाचं विचारलं नाही.

“काय रे त्यात, बूट?” ओळंबा आतून म्हणाला.

“तुझा बदली कामगार,” लांब्या बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

“मग बसव त्याला. आल्याआल्या उभा काय ठेवतोस?”

खोक्यातून काळं, जड पेडल निघालं. पायानं दाबायची दोन बटणं, वर चार खुंट्या, मध्ये बोटभर पडदा. लांब्यानं वायर जोडली आणि एक एक आवाज काढून दाखवू लागला. पहिल्यात गिटार घुमली.

“विहिरीत पडलास का?” ओळंबा म्हणाला.

दुसऱ्यात ती खरखरली, चिरकली.

“हे फरशी कापायच्या कटरमधलं पाणी संपल्यावर होतं. बंद कर, दात शिवशिवतात.”

तिसऱ्यात प्रत्येक सूर मागून दोनदा परत येत होता. हा मात्र ओळंब्यानं डोळे मिटून ऐकला. “हा बरा आहे. संथ गाण्याला वापर. खुंटी अर्धीच ठेव, नाहीतर शब्द बुडतील.” आवडलेल्या कामाला नावं ठेवणं त्याला जमत नसे, मग ते काम कुणाचंही असो.

मग ठोके. साठ तऱ्हा होत्या. लांब्याला त्यातली कुठली कुठल्या गाण्याला लावावी ते उमगत नव्हतं. ओळंब्यानं कागद मागवला. एकेक ठेका ऐकायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. हलका. भपका. हा चालेल. ह्यात झांज फार. वेग ठरवायला बटण तालात दाबायचं, की पडद्यावर मिनिटाचे ठोके दिसतात. रोजच्या शेवटच्या गाण्याचा वेग ओळंब्यानं बोटानं दाबला. ब्याण्णव. लांब्यानं आकडा पुसून पुन्हा दाबायला लावला. ब्याण्णव. तिसऱ्यांदाही ब्याण्णव.

“अरे, तुझ्या हातात मशीनच आहे!”

“मग दुसरं कशाला आणलंस?”

लांब्या खाली बघून तारा जुळवत बसला. तारा जुळलेल्याच होत्या.

“खरं सांगू का,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “मी परत करायलाच निघालोय. हे बिघडलेलं आहे. सुरुवातीला बरोबर चालतं आणि दुसऱ्या कडव्यात हळू होतं. रोज. दुकानदाराला काय कळणार म्हणून म्हटलं आधी तुला ऐकवावं. तू बिघडलंय म्हणालास की उद्याच नेऊन देतो. मालकाला सांगतो, नाही जमत. विषय संपला.”

त्यानं ठेका लावला आणि तेच शेवटचं गाणं गाऊ लागला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात गळा मोकळा झाला, मान हलू लागली, आणि गिटार ठोक्याच्या पुढे सरकली. आधी केसभर, मग बोटभर. ध्रुवपदाला पोहोचेपर्यंत दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या होत्या. लांब्या थांबला. पेडल ठोकत राहिलं.

“बघ. झालं का नाही हळू?”

ओळंब्याला हे दुसरं कडवं एकोणीस वर्षं पाठ होतं. लांब्या तिथे पळायचाच. त्याला सूर चढला की पाय जमिनीवर ठरत नसत. ओळंबा त्याच्या मागून बेतानं वेग वाढवत न्यायचा, ब्याण्णवचे सत्त्याण्णव करायचा आणि गाणं संपताना अलगद खाली आणायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाण्यात काय रंग भरला! लांब्यालाही तसंच वाटायचं. उलट तो चारचौघांत सांगायचा, “आमचा ओळंबा हाताला जड. ओढत न्यावं लागतं.”

पेडल अजून ठोकत होतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. नुसती मान हलवायची होती. ‘हो, बिघडलंय’ एवढे दोन शब्द, आणि पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट.

लांब्यानं प्लग काढायला हात पुढे केला.

“राहू दे,” ओळंबा म्हणाला. “मशीन हळू होत नाही. तू पळतोस.”

“मी?”

“दुसऱ्या कडव्यापासून.”

“आजच?”

“पहिल्यापासून.”

लांब्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली. “मग कधी बोलला का नाहीस?”

“गरज काय होती? मी होतो ना.”

लांब्यानं पायानं पेडल बंद केलं. मग लांब्या म्हणाला, “आणि मी तुला म्हणायचो, हाताला जड आहेस म्हणून.”

“म्हणायचास.”

“लोकांसमोर.”

“हो. ह्याला चपलेनं मारावं असं वाटायचं कधी कधी.” ओळंबा शेकायची पिशवी बाजूला ठेवून उठला. “चल, ब्याण्णव लाव. आधी गायचं नाही, नुसतं वाजवायचं. पाय हलवायचा तो मशीनच्या ठोक्यावर. तुझ्या मनाच्या नाही.”

तो सबंध आठवडा लांब्या रोज दुकान सुटलं की येत होता. ओळंबाही दिवसभर फरशी बसवून, सिमेंटचे हात धुऊन समोर बसायचा. मध्येच ठोक्याचा आवाज चार आवर्तनं पूर्ण बंद करायचा आणि पुन्हा उघडायचा. तेवढ्यात लांब्या पुढे गेलेला सापडला की गाणं पहिल्यापासून. मंगळवारी चौदा वेळा पहिल्यापासून झालं. लांब्या चिडला, “एवढं कोण ऐकतंय? चालतंय की!” ओळंबा त्यानंतर लांब्या घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलला नाही, फक्त बोटानं ‘पुन्हा’ अशी खूण करत राहिला. शुक्रवारी आवाज बंद केला, उघडला, तर ठोका आणि गिटार एकाच जागी. तीनदा करून बघितलं.

“झालं,” ओळंबा म्हणाला. “आता येऊ नकोस.”

लांब्या गेल्यावर बायको बाहेर आली. “बिघडलंय म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?”

“त्यानं विचारलं होतं.”

“कुणीही काहीही विचारतं. सगळ्याला खरं उत्तर द्यायची नोकरी लागलीय का तुम्हाला?”

ती डोळे पुसत आत गेली. तो कागदावरचे ठेक्यांचे आकडे दुसऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवत बसला. लांब्याला जवळचं नीट दिसत नसे. चष्म्याच्या दुकानात असून.

शनिवारी दुपारी, मालकाला कोपरा मोकळा हवा म्हणून, दोघांनी हॉटेलातले ड्रम उचलून टेंपोत चढवले. ड्रमच्या पायांनी तिथल्या फरशीवर तीन गोल खळगे पाडले होते. मालकानं त्यावर टेबल ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी ओळंबा जेवायला म्हणून गेला. बायकोला चल म्हणाला होता, ती आली नाही. कोपऱ्याच्या अगदी लगतचं टेबल मिळालं. लांब्यानं कागद पायाशी ठेवला, बटण दाबलं आणि सुरू केलं. एकही ठोका हुकला नाही. शेजारच्या टेबलावर माणसं हळू आवाजात बोलत होती आणि एकमेकांना ऐकू जात होती. मालक काउंटरवरून मान डोलावत होता.

शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या सुरुवातीला ओळंब्याचे हात टेबलाखाली आपोआप गुडघ्यांवर आले. आता पळेल. गळा मोकळा झाला होता, मानही हलली होती. आता. पळ की रे, त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. लांब्या पळाला नाही. डोळे पडद्यावर ठेवून, कपाळाला आठी घालून, ब्याण्णवच्या ब्याण्णवात त्यानं ध्रुवपद गाठलं. जसं शिकवलं होतं तसं.

दोन-तीन टाळ्या पडल्या. लांब्यानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. जमलं का, असं डोळ्यांनीच विचारलं.

ओळंब्यानं होकारार्थी मान हलवली. काम चोख झालं होतं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मग वाढप्याला हाक मारून त्यानं, आणखी काही नको, असं सांगितलं.