सड्यावरचा दिवा

हिवाळ्यात दिवस लहान होतात हे शाळेत शिकले होते, पण ते अंगावर येतात हे लग्न होऊन संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत आल्यावर कळलं. माझं माहेर साताऱ्याकडचं, उघड्या माळाचं. तिथे थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी आणि सपाटून भूक. इथे घर दरीत, मागेपुढे डोंगर, आणि डोंगरावर जांभ्या दगडाचं लांबलचक पठार, त्याला इथे सडा म्हणतात. दिवाळी सरली की दुपारचा चहा होतो न होतो तोच सूर्य डोंगराआड जायचा आणि अंगणात सावली उतरायची. वाडीतल्या बायकांना त्याचं काही वाटत नसे. थंडी पडली की आंबा मोहरणार म्हणून त्या उलट खूशच असत. मी मात्र त्या सावलीबरोबर खचायचे. छातीवर ओझं ठेवल्यासारखं व्हायचं, घास उतरायचा नाही, आणि कारण विचारलं तर सांगायला काही नसायचं. दिवस लवकर मावळतो म्हणून रडू येतं, असं सांगून स्वतःचं हसं कोण करून घेणार?

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वाडीत अजून वीज आलेली नव्हती. नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात मी आणि सासूबाई. पहिला हिवाळा कसाबसा काढला. दुसरा आला तेव्हा मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मार्गशीर्षात भाऊ न्यायला येणार होता, त्याच्याबरोबर जायचं आणि परत यायचं नाही. नवऱ्यावर राग नव्हता, सासूबाईंवर तर नाहीच. पण त्या दरीत आणखी एक हिवाळा काढला तर माझ्या डोक्याचं काही खरं नाही, अशी माझी खात्री झाली होती. देवाकडे मी काहीच मागितलं नाही. त्याचं आणि माझं तेव्हा फारसं बोलणं नव्हतं.

त्यातच देवरुखला नणंद आजारी पडली आणि सासूबाईंना तिकडे जावं लागलं. निघताना त्या म्हणाल्या, "देवदिवाळी आली की वाघजाईचा दिवा आपल्याकडे. मी तोवर येईन, पण माझे गुडघे काय सडा चढायचे नाहीत. तूच जा हो." वाघजाईचं देऊळ सड्यावर. तिथला संध्याकाळचा दिवा गावातल्या एकेका घराकडे पंधरा-पंधरा दिवस असतो, आणि तो चुकलेला कुणाला आठवत नाही. मी मान डोलावली. माहेरी आमच्याकडे देवदिवाळी कार्तिकी पुनवेला. पुनव आली तरी सासूबाई आल्या नाहीत, तेव्हा तेल-वात घेऊन मी एकटीच निघाले. अंगणात सावली आलेली, मन जड, पाय त्याहून जड. निम्मी चढण चढेपर्यंत वाघजाईला मनातल्या मनात चार शब्द सुनावलेही.

वर पोचले आणि उभीच राहिले. सड्यावर लख्ख ऊन होतं. वाळलेलं गवत पिवळंधमक दिसत होतं, आणि पश्चिमेला सूर्य चांगला वर होता. खाली ज्या वेळी मी गुडघ्यांत डोकं घालून बसायचे, त्या वेळी इथे दिवस चालूच होता. मला हसूच फुटलं. दुसरं वर्ष चाललं होतं, पण लाकूडफाट्याला सकाळीच वर येऊन जायचे मी, संध्याकाळी कधी फिरकलेच नव्हते.

सूर्य टेकला तशी देवळात दिवा लावायला बसले, तर वारा. काडी पेटवावी आणि विझावी. पेटीतल्या काड्या संपत आल्या. एवढंही आपल्याला जमत नाही, असं वाटून डोळे भरून आले. तेवढ्यात दारात अंधारून आलं. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई बाहेर उभी होती. तिने भारा उंबऱ्याच्या बाहेर दारालगत उभा केला आणि स्वतः त्याला पाठ लावून उभी राहिली. वारा थांबला.

"लाव आता," ती म्हणाली. "कुणाची गो तू सून?"

मी घराचं नाव सांगितलं. दिवा लागला. मी म्हटलं, "या ना आत, पाया पडा."

"मी हितनंच," ती म्हणाली आणि बाहेरूनच हात जोडले. मग विचारलं, "तुला कुणी सांगितलंन यायला?"

"सासूबाईंनी."

ती पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, वाऱ्याने पाणी आलं असेल. पूर्वेला चंद्र उगवला होता. आम्ही दोघी त्याच्या उजेडात उतरलो. फाट्यावर ती तिच्या वाडीकडे वळली.

त्यानंतर रोज मी दुपार कलली की सड्यावर जायचे. उन्हात बसायचे, सूर्य बुडाला की दिवा लावायचे आणि कंदील घेऊन उतरायचे. चार दिवसांत भूक लागायला लागली. आठवड्याने आपण गुणगुणत उतरतोय हे माझ्याच लक्षात आलं.

अमावास्येला सासूबाई परतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गवतवाली बाई आमच्या अंगणात उभी. सासूबाईंचे हात धरून म्हणाली, "वयनी, तुमच्या सुनेमुळे आमचा दिवा चुकला नाय हो. पुनवेच्या दुपारी मुंबईहून निरोप आला, दीर गेला. बापयेगडी सगळे तिकडं धावले. घरात सुतक, त्याच दिवसापासून दिवा आमच्याकडं, आन मी देवळात पाय ठेवू शकत नाय. कुणाला सांगू, काय करू, सुचंना. गवताच्या निमित्तानं नुसती देवळाभोवती फिरत होते. तुम्ही हिला धाडलंत."

सासूबाई गोंधळल्या. "मी कुठं धाडली? आमचा दिवा आजपासून. देवदिवाळी आज नाही का?"

"देवदिवाळी तर पुनवेलाच झाली," मी म्हटलं.

सासूबाई हसायलाच लागल्या. "ती तुमची घाटावरची गो. आमची आज."

ती बाई मात्र हसली नाही. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. वयाने ती माझ्या आईएवढी होती. मी मागे सरले, आणि मग मलाही रडू आवरेना. तिने येऊन वारा अडवला तेव्हा हिला देवीनेच माझ्यासाठी पाठवलं, असं मी पंधरा दिवस मनात धरून होते. तिकडे ती माझ्याबद्दल तेच धरून होती.

याला कुणी चमत्कार म्हणावं, कुणी सुनेचा बावळटपणा म्हणावं. वाद घालायला मी बसत नाही. मला एवढं ठाऊक आहे की मी काही मागितलं नव्हतं, उलट शिव्याच दिल्या होत्या, आणि तरीही माझी चूकसुद्धा कुणीतरी कामाला लावली. आपण आपल्या दुःखाने वाकून चाललो असलो तरी आपल्या हातातलं तेल दुसऱ्या कुणाच्या दिव्याचं असू शकतं. तेव्हापासून मी वाघजाईशी भांडण सोडलं. अजूनही दिवाळीनंतर ती सावली उतरली की छातीवर थोडं ओझं येतंच. येऊ दे. मी चहा पिते आणि सडा चढते.

आमच्या पंधरवड्यात ठरल्याप्रमाणे भाऊ आला. मी त्याला संध्याकाळी वर नेलं, दिवा लावला. उतरताना तो म्हणाला, "मग, कधी निघायचं?"

"पुनव झाल्यावर," मी म्हटलं. "आणि परतीच्या गाडीत तूच बसवून दे मला."