अठ्ठावन्नाव्या वर्षी किती असावेत

माझी बायको बैहरच्या अलीकडच्या एका खेड्यात सरकारी शाळेवर शिक्षिका आहे, आणि सोळा वर्षांपासून बालाघाटहून तिचं अप-डाउन चालू आहे. साडेसातची बस, घाटातली वळणं, पुढे मिळेल ती जीप, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. मी मागच्या वर्षी एका खाजगी शाळेच्या ऑफिसातून बाबू म्हणून रिटायर झालो. तेव्हापासून माझ्याकडे काम एकच, तिला स्कूटरवर बसस्टँडला सोडणं. ते मी मोठ्या जबाबदारीने करतो.

एका सकाळी स्कूटरवरून उतरता उतरता ती म्हणाली, "अजी, मी सोडू का आता नोकरी? गुडघे लय दुखून राह्यले."

मी म्हणालो, "थांब जरा. हिशोब पाहतो."

हा 'थांब' पुढे चार महिने चालला. बसमध्ये बसायचं होतं तिला, त्यामुळे मला काही घाई नव्हती.

हिशोब मी खरंच करत होतो, पण आमच्या पैशांचा नाही. आमच्याकडे किती आहेत ते मला तोंडपाठ होतं. मला जाणून घ्यायचं होतं की ते पुरे म्हणायचे की कमी, आणि हे दुसऱ्याकडे किती आहेत ते कळल्याशिवाय कसं ठरणार? नागपूरला असलेल्या मुलीने मोबाइलवर एक तक्ता पाठवला होता. तिशीत माणसाची बचत किती असावी, चाळिशीत किती, पन्नाशीत किती, असं वाढत वाढत साठीपर्यंत. मी तक्त्यात आमची रेघ शोधली आणि माझा चहा गार झाला. तक्त्याप्रमाणे आम्ही नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेलो होतो.

तक्ता साहेबांच्या देशातला असणार, असं म्हणून मी तो बाद केला. तुलना करायची तर आपल्या माणसांशी करावी.

आपली माणसं म्हणजे आमचा सकाळचा कंपू. बायकोला सोडलं की मी नदीकडच्या रस्त्यावर फिरायला जातो. तिथे आम्ही पाच जण पंधरा मिनिटं चालतो आणि तासभर चहाच्या टपरीवर बसतो. तहसिलीतून रिटायर झालेले बडे बाबू, मेडिकलचं दुकान असलेला एक, जंगल खात्यातले नाकेदार, चौतिशीचा एक तरुण मास्तर, आणि मी. आमची छोटीशी भिशीही आहे. दर महिन्याला गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून नंबर काढतो.

मी आडून आडून विचारायला सुरुवात केली. पण बालाघाटात माणसाला आजार विचारा, तो एक्स-रे दाखवील. बचत विचारा, तो लगेच उठून चहाचे पैसे द्यायला जाईल. कारण खरा आकडा सांगितला की आठ दिवसांत कोणीतरी पोरीच्या लग्नासाठी हातउसने मागायला येतं. मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "कायची बचत भाऊ, खायचे वांधे हायेत." घरावर दुसरा मजला त्याने त्याच उन्हाळ्यात चढवला होता.

तेव्हा मला युक्ती सुचली. मी म्हटलं, भिशीच्या डब्यात सगळ्यांनी चिठ्ठ्या टाका. नाव नाही, फक्त वय आणि बचत. कोणाचं काय ते कोणाला कळणार नाही, आणि आपण कुठे आहोत ते मात्र सगळ्यांना कळेल. प्रस्ताव सर्वानुमते पास झाला. दुसऱ्याचं कळणार म्हटल्यावर लोकांचं किती पटकन एकमत होतं!

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. पहिली चिठ्ठी: 'वय ७१. पेन्शन.' खाली डाव्या कोपऱ्यात, सरकारी पत्राखाली असतं तसं, 'प्रतिलिपि सूचनार्थ' लिहून दोन रेघा मारलेल्या. सगळ्यांनी बडे बाबूंकडे पाहिलं. बडे बाबू नदीकडे पाहू लागले.

दुसरी चिठ्ठी कोणाला वाचता येईना. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मास्तरने ती डाव्या हाताने लिहिली होती. मेडिकलवाल्याने ती हातात घेतली आणि डॉक्टरचा कागद वाचावा तशी घडाघडा वाचली: 'वय ३४. मोबाइलमध्ये आहे. पासवर्ड बायकोले माहीत.' तिसरी चिठ्ठी एकोणपन्नास वर्षांची होती, आणि बचतीपुढे 'काही नाही' असं लिहिलं होतं. त्या 'काही नाही'ला दोन मजले होते, हे कोणी बोललं नाही.

चौथी माझी. तिच्यावर चांगला भरघोस आकडा होता. आता सांगायला हरकत नाही. त्या आकड्यात माझा पीएफ थोडा आणि बायकोचे पैसे जास्त होते. त्यातही तिला अजून न मिळालेले पुढच्या चार वर्षांचे पगार मी आधीच धरून टाकले होते. चिठ्ठी वाचल्यावर टपरीवर जी शांतता पसरली ती मला फार आवडली.

पाचवी चिठ्ठी नाकेदारांची. 'बचत: तीन एकर, खैरलांजीकडे. दोन पोरी, दोघी सुखात.' आणि वयासमोर लिहिलं होतं: 'नोकरीत ५७, आईच्या मते ६०.'

"हे काय बाप्पा?" मास्तर म्हणाला. "कोनतं वय धरायचं?"

आणि इथे आमची सगळी तुलना कोलमडली. कारण चौकशी केली तर मास्तर आणि मी सोडून सगळ्यांचा वाढदिवस एक जुलै निघाला. शाळेत नाव घालताना बाप म्हणेल ते वय आणि गुरुजी लिहितील ती तारीख, असा तो काळ. माझे वडील एकटे सरळमार्गी. त्यांनी खरी तारीख सांगितली, आणि त्याबद्दल मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

बडे बाबूंनी बोट वर केलं. ते बोट वर करतात तेव्हा शासनादेश निघतो. "सच्ची बचत म्हनजे काय, सांगू? बापानं शाळेत नाव टाकताना दोन वर्ष कमी लिवले, ते. दोन वर्षाचा पगार जास्तीचा. असं व्याज कोनती बँक देते?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर साक्षात्कार झाला. माझे सासरेही मास्तर होते, आणि त्यांनीही लेकीच्या वयातली दोन वर्षं कापली होती. म्हणजे आम्ही मागे नव्हतोच! बायको कागदावर अठ्ठावन्नची, आणि आमच्याकडे शिक्षकांची सेवानिवृत्ती बासष्टला. चार वर्षं शिल्लक. मी तक्ता पुन्हा काढला, ती चार वर्षं मिळवली, आणि आमची रेघ एकदम तीन घरं वर सरकली. त्या दिवशी सगळ्यांचा चहा माझ्यातर्फे झाला. सोबत जिलेबी.

संध्याकाळी ती आली. घमेल्यात गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसली. मी समोर खुर्ची ओढली आणि मोबाइल पुढे धरून सगळं समजावलं. तक्ता, रेघ, बडे बाबूंचा सिद्धांत, आणि तिच्या वडिलांची दूरदृष्टी. शेवटी म्हणालो, "अजून चार वर्ष काढ फक्त. मंग चारचाकी घेऊ."

"चारचाकीत बसून कुठी जाऊ?" ती म्हणाली. "बैहरले?"

मी हसलो. ती हसली नाही.

"तक्त्यात माह्यं वय कोनतं टाकलं?"

"अठ्ठावन्न. कागदावरचं."

"बसमध्ये कागद नाई चढत, अजी. मी चढते. अन् मी साठाची झाली." तिने एक पाय पाण्याबाहेर काढून पुसला. घोटा सुजून टम्म झाला होता. "बाबांनं दोन वर्ष वाचवले म्हनता ना? ते माह्ये होते. मले कोनी इचारलं का?"

मला रागच आला. उत्तर नसलं की मला राग येतो. मी म्हणालो, "सगळ्यायच्याच बापानं केलं ते. तुह्या एकटीच्या नाई." आणि उठून बाहेर अंगणात गेलो. तिथे काही काम नव्हतं, म्हणून नळ तपासला. नळ चांगला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. तक्ता बाजूला ठेवून मी एक कोरा कागद घेतला, आणि तुलना न करता साधा हिशोब मांडला. घर स्वतःचं. मुलीला नोकरी लागलेली. तांदूळ किरनापूरच्या साळ्याकडून येतो, आणि तो पैसे घेत नाही, वर रागावतो. बायकोने आज नोकरी सोडली तर पुढे महिन्याला किती कमी येतील, तेही लिहिलं. चारचाकी खोडली. तरी भागत होतं. मजेत नाही, पण भागत होतं. हे सगळं अर्ध्या तासात झालं. चार महिन्यांपूर्वीही अर्ध्याच तासात झालं असतं. तेवढ्या दिवसांत ती किती वेळा तो घाट चढली आणि उतरली, हे मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मला लाज वाटली.

स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "अर्ज लिहू का?"

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "काहून? तक्ता बदलला का?"

"तक्ता फेकला."

अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आमच्याकडे अर्ज हिंदीतच जातो, आणि 'सेवा में' पासून 'प्रार्थी' पर्यंत मी डोळे मिटून लिहू शकतो. 'विषय: स्वैच्छिक सेवानिवृत्ति'. कारणाशी आलो आणि सवयीने 'पारिवारिक कारणों से' लिहू लागलो. तीस वर्षांत मी हेच कारण हजारदा लिहिलं असेल. सासू मेली तरी हेच आणि क्रिकेटची मॅच असली तरी हेच.

ती पिठाच्या हाताने खांद्यामागे येऊन उभी होती. "हे नाई," म्हणाली.

"मंग काय लिहू?"

"लिवा, थकली म्हनून."

"असं कोनी लिहीत नाई, अवं. साहेब वाचून हसतील."

"हसू द्या."

मी पेन हातात धरून बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत असा अर्ज माझ्या टेबलावर एकदाही आला नव्हता. मग चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं: 'मैं थक गई हूँ।' पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून तिथेच पूर्णविराम दिला आणि वाचून दाखवलं.

तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग बाजूची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "एकदा अजून वाचा."