अप्पांचा चाफा आणि आमची सेवा

मी गुलबर्ग्याच्या एका शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवते आहे आणि आमच्या दारातला धडधाकट चाफा मी तीन आठवड्यांत आडवा केला.

झाड माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी मेहकरहून, सासूबाईंनी लावलेल्या चाफ्याची फांदी आणून इथं लावली. रोज सकाळी ते पाच पांढरी फुलं तोडत. तीन बुद्धमूर्तीपुढं, दोन सासूबाईंच्या फोटोपुढं. भाद्रपदात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते लातूरला नणंदेकडं निघाले, तेव्हा गाडीत बसता बसता एवढंच म्हणाले, "सुजाता, चाफ्याकडं बघ माय."

मी बघितलं. (तिथंच थांबायला हवं होतं.)

दुसऱ्याच दिवशी पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसली. बोटाला हळदीसारखी लागत होती. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "धूळ हाय. रस्त्याचं काम चालू हाय न्हव का." मलाही पटलं. मग सकाळ-संध्याकाळ पाइप लावून झाडाला डोक्यावरून आंघोळ सुरू झाली. पूड कमी व्हायची सोडून पानोपानी पसरली. पानं पिवळी पडून गळू लागली.

"तहानलंय बहुतेक," मिलिंद म्हणाला. बाहेर पाऊस चालू होता!

आम्ही पाणी वाढवलं. वर तुरीच्या डाळीचं धुवण, ताक आणि माझ्या मावशीनं फोनवर सांगितलेला शेणकाला. गळलेली पानं मी बुंध्याशीच रचून ठेवली, खत होईल म्हणून. (मुलांनाही मी हेच शिकवते.) तिसऱ्या आठवड्यात बुंधा दाबून बघितला, तर पिकल्या केळात जावा तसा अंगठा आत गेला.

नेमका त्याच सकाळी अप्पांचा व्हिडिओ कॉल आला. "पट्टी काढली. चाफा दाखव बघू."

मिलिंदनं फोन घेतला आणि सरळ कंपाउंडच्या पलीकडं धरला. शेजारच्या शरणम्मा अक्कांचा चाफा फुलांनी लदबदला होता. फक्त त्यांची फुलं गुलाबी.

"उजेडानं तसं दिसायलंय, अप्पा," मिलिंद म्हणाला.

अप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

कंपाउंडपलीकडून अक्कांचं डोकं वर आलं. वय सत्तर, उभी हयात एका कॉलेजच्या बागेत काम केलेलं. "माझं झाड कामून दाखवायलाव?"

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. अक्का लगेच आमच्या फाटकातून आत आल्या, पान उलटं करून बघितलं.

"हा तांबेरा. पान ओलं ऱ्हायलं की पसरतो. एवढ्यानं झाड मरत न्हाई." मग त्यांनी बुंधा दाबला. "ही मात्र कूज. मुळाशी पाणी साचून झाली."

"म्हणजे दोन रोग?"

"व्हय. एक पावसानं दिला, एक तुमी."

मग त्यांनी धारदार सुरी आणि स्पिरिट मागितलं. खालून पहिला काप घेतला, आत तपकिरी. सुरी पुसून वर दुसरा, तोही तपकिरी. तिसराही. माझा जीव त्या सुरीबरोबर वर वर चालला होता. चौथ्या कापाला आतलं लाकूड पांढरंशुभ्र निघालं आणि चीक भळभळ वाहिला.

"हितनं वर जितं हाय," अक्का म्हणाल्या. "चिकाचा हात डोळ्याला लावू नका."

तीन फांद्या हाती लागल्या. त्यांची रोगट पानं आणि मी रचलेला ढीग पिशवीत भरून कचरागाडीत गेला. "खाली ठिवलं की रोग परत चढतो," अक्कांनी बजावलं. दहा दिवस फांद्या सावलीत सुकल्या, मग अर्धी वाळू मिसळलेल्या मातीत, कुंड्यांत लागल्या.

"पाणी किती?" मी विचारलं.

"मी सांगितल्याबिगर थेंब न्हाई."

अप्पा परत आले. अंगणात झाडाच्या जागी तीन काड्या. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण विसरले आणि म्हणाले, "अप्पा, चुकलं माझं."

ते कुंडीशेजारी उकिडवे बसले. एका काडीवरून हात फिरवला. "गुलाबी फूल बघितलं तवाच कळलं होतं. म्हटलं, लेकरं एवढी धडपडायलीत, त्यांना कशाला आनिक रडवू." मग म्हणाले, "काड्या तिच्याच झाडाच्या हायत ना? झालं मग."

एक काडी कुजली, दोन जगल्या. वैशाखात पहिला घोस आला. अप्पांनी त्यातलं एक फूल कंपाउंडवरून अक्कांना दिलं. त्यांनी ते अंबाड्यात खोवलं. अक्कांनी झाड वाचवलं आणि अप्पांनी मला. दोघांचे उपकार फिटतील असं वाटत नाही आणि फेडायची घाईही नाही.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका टीचरनं त्यांच्या चाफ्याच्या पानांचा फोटो दाखवला. मी एका नजरेत तांबेरा ओळखला. रोगट पानं तोडा, वरून पाणी नको, बुंध्याशी ओल नको, सगळं घडाघडा सांगितलं.

"किती माहिती आहे हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. "बरीच झाडं वाढवली असतील."

"वाढवलं एकही नाही," मी म्हणाले. "मारलं एक, आणि तेवढ्यात सगळा अभ्यासक्रम झाला."