चिंचेनं घासलेली तलवार

लोक विचारतात, "बाई, एवढ्या नोकरीतली कुठली केस मनात राहिली?" खून-दरोडे बाजूलाच राहतात हो, मला आधी ती जपानी तलवार दिसते.

मी तेव्हा नाशिकला पोलीस निरीक्षक होते. खबर आली, की स्टँडजवळच्या लॉजवर एक माणूस नवी तलवार महायुद्धातली म्हणून खपवतोय. सापळा लावला, माणूस सापडला. घोटीकडचा, सरकारी शाळेत शिपाई. पंचनामा झाला, तलवारीला लेबल लावून ती मुद्देमालात जमा केली.

"आजोबा फौजेत होते मॅडम, त्यांनी ब्रह्मदेशातून आणली." तीन तास हेच. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी विकतोय म्हणाला. आता, पकडलेला माणूस आईचं नाव घेतोच, त्यामुळे मी काही विरघळले नाही. "अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले तर निलंबन होईल माझं," हे मात्र तो खरंच घाबरून बोलला.

जुन्या शस्त्रांचे जाणकार म्हणून देवळालीच्या एका निवृत्त सुभेदारांना बोलावलं. त्यांनी मुठीतली बांबूची बारीक खुंटी ठोकून काढली, मूठ उपसली आणि तिच्याखालच्या पितळी चकत्या सोडवल्या. आतलं लोखंड ताटासारखं लखलखीत.

"जपानी तलवारीचं वय इथं कळतं," ते म्हणाले. "हा भाग कुणी घासत नाही. काळपट गंज चढत जातो, त्यावरून जुनी किती ते ठरतं आणि किंमतही. कारागीर नावसुद्धा इथंच कोरतो. इथं ना गंज, ना नाव. नवी आहे मॅडम."

झालं! फसवणुकीचा गुन्हा लिहायला घ्या, असं मी हवालदारांना सांगितलं. तेवढ्यात त्याची आई एसटीनं आली, लंगडत. तिला बाकावर बसवलं, चहा सांगितला. तिचं लक्ष टेबलावर.

"अगं बाई, मूठ काढली व्हय? दसरा तर लांब हाय अजून!"

"दसऱ्याचं काय?"

"पूजा नाय का शस्त्राची? आदल्या दिवशी मीच घासते, चिंच अन् राख लावून. सासरे म्हणायचे, पूजेची वस्तू आतून-बाहेरून लख्ख पायजे. चाळीस वर्सं झाली."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "मावशी, आत काही लिहिलेलं होतं का?"

"व्हतं की! मुंग्यांच्या रांगेवानी. लय चिवट. घासून घासून मी दमले, तवा गेलं."

आईच्या शब्दावर पोलीस स्टेशन चालत नाही. मी म्हटलं, "बसवून दाखवा मूठ." बाईनं पितळी चकत्या एकीवर एक, क्रमानं ओवल्या, मूठ सरकवली, खुंटी ठोकली. डबा बंद करावा इतक्या सहज! सुभेदारांनी पुन्हा सगळं उघडलं आणि भिंग घेतलं. प्रत्येक चकतीवर तोच एक आकडा ठोकलेला, एकाच तलवारीचे भाग म्हणून कारखान्यात ठोकतात तसा. मग लोखंड खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, तर कोरलेल्या नावाचे, छिन्नीचे पुसट घाव दिसले.

"खरी आहे," ते म्हणाले. "नकली करणारा आधी नाव कोरतो. तो पुसत कशाला बसेल?"

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला नाही. विनापरवाना शस्त्राचा प्रश्न उरला होता, त्याचा अहवाल वरिष्ठांना पाठवला, आणि पोरगा त्याच संध्याकाळी घरी गेला. निघताना बाईनं सुभेदारांना विचारलं, "परवानगी मिळाली तर किती येतील हिचे?"

"नाव राहिलं असतं तर तुमचं ऑपरेशन दोनदा झालं असतं, मावशी. आता कुणी हौशी देईल तेवढेच."

तिनं आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी माझे गुडघे मीच घासून टाकले म्हणा की!" आणि हसली. पोरगा मात्र रडला.

मी तीन तास ज्याची चौकशी केली, त्यानं ती तलवार फक्त हळदी-कुंकू लावलेली बघितली होती. आणि मी, घरची समई स्वतःच्या हातानं घासणारी बाई, मलाही ते सुचू नये! त्यानंतर कुठल्याही घरी झडतीला गेले, की वस्तू कुणाची ते मी मागाहून विचारायची. आधी विचारायची, ही पुसतं कोण?